चुकणारा हात

“‘हात बसणे’ म्हणजे नेमके काय मोजायचे?”

हा प्रश्न मला एका यंत्राने विचारला. मंगळवार होता, सकाळचे अकरा वाजले असतील. मी पाच मिनिटांत उत्तर देऊन चहाला गेलो.

आमचं समुदाय महाविद्यालय वेदगंगेच्या काठी, तालुक्याच्या गावाबाहेर आहे. कागदावर त्याचं नाव लांबलचक आहे, पण पंचक्रोशीत त्याला ‘हातकॉलेज’च म्हणतात, कारण तिथं हाताची कामं शिकवतात. पाण्याच्या मोटारींचं रिवाइंडिंग (जळालेली तार काढून नवी भरणं), नळजोडणी, शिलाई मशीनची दुरुस्ती, आजारी माणसाची शुश्रूषा. दहावीला अडकलेल्या मुली येतात, तशा चाळिशीतल्या सुनाही येतात. एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून मी निवृत्त झालो, तेव्हा प्राचार्या मृदुला मॅडमनी मला बोलावून घेतलं.

“हत्तरगी गुरुजी, मुलांना पुष्कळ शिकवलंत. आता शिकवणाऱ्यांना शिकवा,” त्या म्हणाल्या. माझ्या दारावर ‘कर्मचारी विकास प्रमुख’ अशी पाटी लागली. माझी नात ती वाचून म्हणाली, “आजोबा, म्हणजे तुम्ही मोठ्यांचे गुरुजी?” त्याहून सोपा अर्थ मलाही कधी सांगता आला नाही.

तोपर्यंत आमच्याकडे नवी यंत्रं यायची आणि गोणपाटाखाली झोपून राहायची. यंत्र आलं तर चालवणारा नसायचा. चालवणाऱ्याला शिकवून आणावं, तर परत येईस्तोवर त्या यंत्राची गरज संपलेली असायची. कॉलेजला जायचं कुठं, यंत्रं घ्यायची कोणती आणि माणसं तयार करायची कशासाठी, या तीन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंधच नव्हता. २०३४च्या जूनमध्ये तो जुळवणारी प्रणाली आली. तिचं नाव ‘सांगड’. दोन ओंडके शेजारी बांधून नदी पार करायला जो तराफा करतात, ती सांगड. नाव मला फार आवडलं होतं.

सांगडला आधी कॉलेजची उद्दिष्टं सांगायची. मग ती हिशेब करायची की या उद्दिष्टाला कोणतं साधन लागेल, ते कोण वापरील आणि त्या माणसाला आज काय येत नाही. तिची अट एकच होती. प्रत्येक उद्दिष्ट मोजता आलं पाहिजे.

आमचं पहिलं उद्दिष्ट दारावरच्या दगडात कोरलेलं आहे. ‘इथून जाणाऱ्याचा हात बसलेला असावा.’ मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. सांगडला सांगावं लागलं. मी तिच्या पडद्यावरच्या चौकटीत तीन शब्द लिहिले:

‘हात चुकत नाही.’

सांगडने आभार मानले आणि त्याच आठवड्यात तिने आम्हाला हातमोजे घ्यायला सांगितलं.

या हातमोज्यांबद्दल थोडं सांगायला हवं. आपण बोट हलवतो तेव्हा मेंदूकडून स्नायूपर्यंत विजेचा एक अतिशय बारीक निरोप येतो. इतका बारीक की टॉर्चच्या सेलपुढे तो हत्तीपुढची मुंगी. पण कातडीवर टेकवलेल्या तारांना तो वाचता येतो. कोपरापर्यंत येणारा हा मोजा कुशल माणसाच्या हातातले सगळे निरोप उतरवून घेई. मग तोच मोजा शिकणाऱ्याच्या हातावर चढवला की तो उलटं काम करी. तेच निरोप, कातडीतून आत पोचतील इतके मोठे करून, शिकणाऱ्याच्या स्नायूंना देई. बोटं आपोआप त्या वळणाने जात. गवतातून शंभर वेळा चाललं की पायवाट पडते, तसं मेंदूतही होतं. मोज्याने आठ-नऊ आठवडे हात चालवला की मोजा काढल्यावरही हात त्याच वाटेने चाले.

वाट पडायला कोणाचे तरी पाय लागतात. रिवाइंडिंगसाठी तो हात होता अक्काताई चौगुलेंचा.

अक्काताई तेव्हा बावन्न वर्षांच्या होत्या. भाऊ गेल्यावर त्याचं मोटारींचं दुकान त्यांनी वीस वर्षं एकटीने चालवलं होतं. जळालेल्या मोटारीचा नुसता वास घेऊन कुठला फेज गेलाय ते त्या सांगत. पदर खोचलेला, चष्मा दोरीने गळ्यात, आणि तोंड सदा सुरू.

“ह्यो मोजा घालून भाकरी थापली तर चालंल का वो, गुरुजी?” पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं.

“का?”

“सुनंला घालीन की नंतर. तिच्या भाकरीला कोपरं असत्यात.”

सहा आठवडे मोज्याने त्यांचा उजवा हात उतरवून घेतला. सांगडने त्यातल्या चाचणीत नापास झालेल्या मोटारी वगळल्या, उरलेल्या एकत्र केल्या आणि ‘नमुना हात’ तयार झाला. म्हणजे अक्काताईंचाच हात, पण चुका गाळून.

खोटं कशाला बोलू, निकाल डोळे दिपवणारा होता. पूर्वी नऊ महिन्यांत जे येई ते नऊ आठवड्यांत येऊ लागलं. मुलींच्या बोटांतून तांब्याची तार अशी सरसर जाई की बघत राहावं. वेढे मोजलेले, खाचेत बसवलेला कागद घडीचा, गाठ एकसारखी. मृदुला मॅडम पाहुण्यांना घेऊन येत आणि कार्यशाळेच्या दारात थांबून म्हणत, “बघा, एकही हात चुकत नाही.” माझेच शब्द ऐकून मला छान वाटे.

दुसऱ्या वर्षी सांगडने विद्यार्थ्यांप्रमाणे शिक्षकांचेही हात मोजले. अक्काताईंच्या नावापुढे लाल खूण आली. दर सात मोटारींत एक चूक. खाली शिफारस होती: नमुना हातासोबत एकवीस दिवसांचं प्रशिक्षण, किंवा शिकवण्यातून मुक्त करून भांडार विभागात बदली.

अक्काताईंना हे सांगायला मी कार्यशाळेत गेलो. बारा मुली त्यांच्याभोवती बसल्या होत्या. थांबायला हवं होतं, तास संपल्यावर बोलायला हवं होतं. पण शिफारशीला संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं, म्हणून मी त्यांना तिथंच, खिडकीपाशी बाजूला घेतलं.

“माझाच हात मला शिकवणार म्हंता?” अक्काताई हसल्या. मग माझा चेहरा बघून हसायच्या थांबल्या. “आणि न्हाई शिकले तर?”

“भांडार.”

“म्हंजे खिळं मोजायचं.”

“अक्काताई, सातातली एक मोटार चुकते तुमची. का होतं असं?”

त्यांनी एकदा मुलींकडं पाहिलं. मुली कान टवकारून ऐकत होत्या. मग माझ्याकडं पाहिलं, डोळे जरा मोठे केले आणि हळू आवाजात म्हणाल्या, “दुकानात कधी चुकला न्हाई वो माझा हात. शिकवतानाच चुकतोय.” आणि पुन्हा तसंच, मुलींकडून माझ्याकडं, पाहिलं.

मला वाटलं, त्यांना लाज वाटते आहे. बारा जोड्या डोळे रोखलेले असले की भल्याभल्यांचा हात कापतो, हे मी पुष्कळ नव्या शिक्षकांत पाहिलं होतं. मी त्यांच्या खांद्यावर थोपटलं. “होतं असं. प्रशिक्षणानं जाईल.”

त्या काहीतरी बोलणार होत्या. तेवढ्यात मागून एक मुलगी ओरडली, “बाई, इथं बघा की, ही कॉइल उलटी लागलीय तुमची!”

“आगं बया! कुठं?” अक्काताई वळल्या आणि गेल्या.

मी ऑफिसात येऊन कारणाच्या रकान्यात ‘निरीक्षणाखाली येणारे दडपण’ असं लिहिलं. शेजारी ‘विशेष नोंद’ नावाचा मोकळा रकाना होता. सांगडला जे मोजता येत नाही ते माणसाने तिथं लिहायचं, यासाठीच तो ठेवलेला होता. मी त्यात आडवी रेघ मारली आणि सही केली.

अक्काताईंनी एकवीस दिवस मोजा घातला. शेवटच्या चाचणीत त्यांचा हात शंभरात शंभर वेळा बरोबर आला. मी पेढे आणले होते. त्यांनी एक उचलला आणि पदराला बांधला. “घरी खाईन,” म्हणाल्या.

त्यानंतर कार्यशाळेतला आरडाओरडा कमी झाला. मी त्याला शिस्त म्हणालो.

दोन वर्षं गेली. एके दिवशी आमच्या घरची बोअरची मोटार बंद पडली, म्हणून मी ती रिक्षात घालून रुक्साना मुल्लाणीच्या दुकानात नेली. रुक्साना ही अक्काताईंच्या हाताखालची, मोजा येण्यापूर्वीच्या शेवटच्या तुकडीतली. आता तिचं बाजारपेठेत दुकान होतं.

“कोणी बांधलीय ही?” मोटार उघडून तिनं विचारलं.

“आपल्याच कॉलेजची मुलगी. गेल्या महिन्यात. का, वाईट बांधलीय?”

“वाईट? देवळात ठेवून पूजा करावी अशी बांधलीय. फक्त चुकीची बांधलीय.” तिनं पेन्सिलीनं दाखवलं. “हे बघा, गुरुजी. तुमची मोटार जुनी आहे. हिच्यात कॉइल पहिल्या खाचेतून सातव्या खाचेत जाते. त्या पोरीनं सहावीत टाकलीय, कारण नव्या मोटारीत सहावीतच जाते. फिरली, तापली, जळाली.”

“तिच्या लक्षात नाही आलं?”

“लक्षात यायला हात थांबायला लागतो. त्यांचा थांबत नाही. महिन्याला चार-पाच अशा येतात माझ्याकडं. त्या पोरी हुशार आहेत, पण त्यांनी चूक कधी बघितलेलीच नाही. वळखणार कशी?” मग ती हसली. “आमचं बरं होतं. आमची बाईच चुकायची.”

“हो, माहीत आहे. पण गेलं ते आता.”

“गेलं?” रुक्सानानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मीच उलटी लावलेली कॉइल आहे. तिनं कपाटातून तेलकट डागांची एक शंभर पानी वही काढली. “बाईच्या चुका लिहून ठेवलेल्या मी. आमची पैज असायची, कोण आधी पकडतंय. वाचा.”

मी चष्मा लावला. पहिल्या पानावर: खाचेत कागद घालायला विसरल्या. मग: दोन वेढे कमी. मग: कॉइलची टोकं उलटी, मोटार नुसती गुणगुणते. पुढं: गाठीवरचं वार्निश खरवडलं नाही, चालते पण मधेच थांबते. पानं उलटत गेलो. सदतीस चुका होत्या. एकही दोनदा नव्हती. पहिली डोळ्यांना दिसणारी होती, दहावी बोटाला लागणारी, विसावी कानाला कळणारी. शेवटची होती: कॉइल सहावीत, पायजे सातवीत.

एकतीस वर्षं मी धडे आखले आहेत. सोप्याकडून अवघडाकडं जाणारी अशी सुरेख चढण मी क्वचित पाहिली असेल. तो अभ्यासक्रम होता. मी त्याला दडपण म्हटलं होतं.

रुक्साना काहीतरी विचारत होती. मला ऐकू येत नव्हतं, कारण मला माझा चौथीचा वर्ग आठवत होता. मी फळ्यावर लिहायचो, ‘आठ साते चोपन्न’, आणि पाठ फिरवून गप्प उभा राहायचो. मागच्या बाकावरून एखादा चिरका आवाज: “गुरुजी, चुकलं!” मग सगळा वर्ग. “चुकलं! छप्पन्न! छप्पन्न!” मी कपाळाला हात लावून म्हणायचो, “अरेच्चा, कुठं?” गुरुजींची चूक काढलेलं पोर तो पाढा जन्मात विसरत नाही. एकदा नेमके साहेब तपासणीला आले असताना हे झालं आणि त्यांनी शेऱ्यात लिहिलं, ‘शिक्षकाचे पाढे कच्चे आहेत.’ हा किस्सा सांगून मी अर्ध्या तालुक्याला हसवलं होतं. मुलांसमोर साहेबांना खरं सांगता येईना, म्हणून मी तेव्हा डोळे मोठे करून त्यांच्याकडं आणि मुलांकडं आळीपाळीनं पाहिलं होतं. साहेबांना ते कळलं नव्हतं.

मोटार तिथंच टाकून मी कॉलेजात गेलो.

अक्काताई कार्यशाळेत एकट्याच तारेची रिळं लावत होत्या. मी रुक्सानाची वही त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी दोन पानं चाळली आणि चेहरा खुलला. “लिवून ठेवल्यात की वो सगळ्या! मला वाटायचं, रुक्साना मागं बसून चित्रं काढतीया.”

“अक्काताई, तेव्हा सांगितलं का नाहीत?”

“सांगितलं की. शिकवतानाच चुकतोय म्हणलं.” त्या वही पुसत राहिल्या. “आणि किती सांगायचं? पोरी ऐकत होत्या. मुद्दाम चुकतोय म्हणलं असतं तर खेळ मोडला असता.”

“नंतर यायचं होतं माझ्याकडं.”

“आले होते. सही झालीया म्हणून सांगितलं शिपायानं.” मग त्या म्हणाल्या, “मॅडमला न्हाई कळलं तर नवल न्हाई. सांगडला तर काय, डोळंच न्हाईत. पण गुरुजी, तुमास्नी कळायला पायजे हुतं.”

मी म्हणालो, “पुन्हा सुरू करा. मी मॅडमशी बोलतो. विशेष नोंद मी स्वतः लिहितो.”

अक्काताईंनी एक रिकामा स्टेटर, म्हणजे मोटारीचा खाचांचा लोखंडी गोल, पुढं ओढला. तारेचं टोक घेतलं. “बघा,” म्हणाल्या. “आता मी ही कॉइल उलटी लावणार हाय.”

त्यांचा हात निघाला. तार वळली, खाचेत बसली, टोक बाहेर आलं. बरोबर बाजूनं. त्यांनी ते उपसलं. पुन्हा लावलं. बरोबर. तिसऱ्यांदा त्यांनी दात आवळले आणि मनगट पिरगाळायला गेल्या. पण बोटं पाणी उताराला लागावं तशी पुन्हा त्याच वाटेला लागली. बरोबर.

“दोन वर्षं हेच करतीया मी, रोज सगळी गेल्यावर,” त्या म्हणाल्या. “येत न्हाई. त्या वाटंवरनं हात खालीच उतरत न्हाई माझा.”

मोजा बनवणाऱ्यांशी मी बोललो. ते सज्जन लोक होते. त्यांनी समजावून सांगितलं की शिकवायचं कसं हे त्यांना माहीत आहे, पण शिकलेलं पुसायचं कसं ते अजून कोणालाच माहीत नाही. मृदुला मॅडमना मी वही दाखवली. त्यांनी ती शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि मिटून माझ्याकडं सरकवली. “आपण उद्दिष्ट बदलू, गुरुजी,” त्या म्हणाल्या. “तुम्हीच लिहा.”

मी सांगडच्या त्याच चौकटीत गेलो. ‘हात चुकत नाही’ खोडलं आणि लिहिलं, ‘हाताला चूक कळते.’

सांगडने सौजन्याने उत्तर दिलं: ‘या उद्दिष्टाचे मोजमाप उपलब्ध नाही. पूर्वीचे उद्दिष्ट कायम ठेवले आहे.’

तेव्हा मॅडमनी सांगडला न विचारता एक गोष्ट केली. सहा मुलींची एक तुकडी मोज्याशिवाय, नऊ महिन्यांची, अक्काताईंकडं दिली. सांगडच्या हिशेबात त्या सहा जणी आजही दिसत नाहीत.

महिनाभरानं मी त्या कार्यशाळेच्या दारात जाऊन उभा राहिलो. अक्काताईंनी उजवा हात पदराखाली घेतला होता आणि तार डाव्या हातात धरली होती. मोजे फक्त उजव्या हाताचेच घेतले होते, कारण नमुना उजव्या हाताचा होता. डाव्या हाताला कोणी काही शिकवलं नव्हतं. तो अडखळत होता. तार निसटत होती, वेढे सैल पडत होते. पन्नास वर्षं नुसतं धरून ठेवायचं काम केलेला तो हात आता लिहायला शिकणाऱ्या पोरासारखा जीभ चावून काम करत होता.

मुली पुढं वाकून बघत होत्या. एकीनं दुसरीला कोपर मारलं.

“बाई,” ती म्हणाली, “चुकलं.”

“कुठं?” अक्काताई म्हणाल्या.

हा प्रश्न त्यांनी आयुष्यात हजारदा विचारला असेल. दर वेळी उत्तर त्यांना आधीच माहीत असायचं, आणि विचारताना ओठाच्या कोपऱ्यात हसू दाबलेलं असायचं. मी ते हसू शोधत होतो. अक्काताईंनी दोरीचा चष्मा डोळ्यांवर चढवला, स्टेटर उजेडाकडं वळवला आणि एकेक खाच चाचपत त्या खरोखरच शोधू लागल्या.

“हितं का?”

“न्हाई बाई, अजून पुढं.”

“हितं?”

मी आत गेलो नाही.